सेसिलच्या कॉलरचा हिशेब: झिंबाब्वेच्या वन्यजीव प्राधिकरणाला खुलं पत्र

झिंबाब्वेच्या राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सर्व अधिकाऱ्यांना,

सविनय नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, तरी मराठीत लिहिते आहे. 2015 च्या जुलैत सेसिल नावाच्या सिंहासाठी जगभरातून ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्यांत मराठी शिव्याही होत्या आणि त्यांतल्या काही माझ्या होत्या. सेसिलला मारणाऱ्या, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या दंतवैद्याला मी तेव्हा जे म्हटलं ते इथे परत लिहिण्यासारखं नाही. त्याच्या दवाखान्याच्या पानावर जाऊन लिहिलं, दुवा पुढे पाठवला, चार ओळखीच्यांनाही लिहायला लावलं. आठवडाभर नुसता संताप होता. मग तो ओसरला, जसा सगळ्यांचाच ओसरला. तुमच्या कार्यालयाला मात्र मी तेव्हा एक ओळही लिहिली नाही.

आज लिहिते आहे, कारण जून 2025 च्या अखेरीस तुमच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, गळ्यात ठिकाण कळवणारी कॉलर घातलेला आणखी एक नर सिंह मारला गेला. ब्लाँडी त्याचं नाव. वय पाच वर्षांच्या आसपास, कळपात लहान बछडी. तुमच्या प्रवक्त्यांनी सांगितलं की शिकार कायदेशीर होती, कॉलर संशोधनासाठी असते आणि तिच्यामुळे प्राण्याला शिकारीपासून सूट मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण दहा वर्षांपूर्वीही याच कॉलरपाशी गोष्ट अडली होती, आणि तो हिशेब अजून कोणी दिलेला नाही.

सेसिल तेरा वर्षांचा होता. काळी आयाळ, गाड्यांची सवय, त्यामुळे ह्वांगेत येणाऱ्या पर्यटकांनी त्याचे असंख्य फोटो काढलेले. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं पथक 1999 पासून तिथल्या सिंहांचा अभ्यास करत होतं आणि सेसिलच्या गळ्यात त्यांची जीपीएस कॉलर होती. सिंह कुठे आहे हे ती ठरावीक तासांनी कळवत राहायची. उद्यानाच्या त्या बाजूला हद्दीवर रेल्वेचे रूळ आहेत. रुळांच्या एका अंगाला संरक्षित जंगल, दुसऱ्या अंगाला ग्वाई भागातल्या खासगी जमिनी. माणसाच्या नकाशावर ती केवढी मोठी रेघ आहे. सिंह ती रात्रीतून दोनदा ओलांडतो आणि त्याला काहीच ओलांडल्यासारखं वाटत नाही.

2015 च्या 1 जुलैच्या रात्री तो हत्तीच्या मढ्यावर आला होता. मचाणावरून बाण सुटला. बाण लागला, पण सिंह मेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून पुन्हा बाण मारला, तेव्हा मेला. सुरुवातीच्या बातम्यांत चाळीस तास म्हटलं होतं. पुढे त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या संशोधकाने हिशेब मांडला तो दहा-बारा तासांचा. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. बारा तास काही कमी नाहीत, पण रागाच्या भरात आपण चाळीस धरून बसलो आणि नंतर आकडा तपासायला कोणी परत गेलं नाही. मीही नाही.

सिंह मेल्यावरही ती कॉलर दोन दिवस ठिकाणं पाठवत राहिली. 4 जुलैला गप्प झाली. ती परत कधीच मिळाली नाही.

त्या दंतवैद्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते पुरेसं घेतलं गेलं आहे. सुमारे 50,000 डॉलर मोजून तो आला होता. बातमी फुटल्यावर त्याला कित्येक आठवडे दवाखाना बंद ठेवावा लागला, सुट्टीच्या घराची नासधूस झाली, धमक्या आल्या. या सगळ्यात मीही होते आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. शिकारीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मेलेल्या जनावराचं रक्त पुसायचं, लोंबणारी जीभ तोंडात सारायची, डोकं उचलून टेकवायचं, आयाळ नीट पसरायची आणि मागे बसून हसत फोटो काढायचा, हे बघून माझ्या पोटात आजही ढवळतं. पण त्या फोटोत एकच माणूस दिसतो. जमिनीचा मालक दिसत नाही, शिकारीचा व्यावसायिक मार्गदर्शक दिसत नाही, त्या जमिनीला किती सिंहांचा कोटा होता, म्हणजे त्या वर्षी तिथे किती सिंह मारायची परवानगी होती, हा कागद दिसत नाही, त्या कागदावर कोणाची सही होती तेही दिसत नाही. आम्ही दिसणाऱ्यावर तुटून पडलो.

आणि तुमच्याकडे काय झालं? 31 जुलैला तुमच्या पर्यावरणमंत्री ओप्पा मुचिंगुरी यांनी त्या माणसाला झिंबाब्वेच्या ताब्यात द्या म्हणून जाहीर मागणी केली. ऑक्टोबरात त्यांनीच सांगितलं की त्याची कागदपत्रं व्यवस्थित होती, त्याच्यावर गुन्हा दाखल होणार नाही. ज्या जमिनीवर सिंह मेला तिला त्या वर्षी सिंहाचा कोटाच नव्हता, असं तुमच्याच प्राधिकरणाचं म्हणणं होतं. मार्गदर्शकावर बेकायदा शिकार रोखली नाही म्हणून खटला भरला गेला. नोव्हेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण आरोपच इतका मोघम लिहिला होता की त्याला उत्तर देता येणार नाही. ही ओळ मी तीन वेळा वाचली. सारं जग ज्या सिंहासाठी पेटलं होतं, त्याच्या खटल्यात आरोपपत्र धड लिहिलं गेलं नाही. सेसिलसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

न्यायालयाला मी दोष देत नाही. मोघम आरोपावर कोणाला अडकवू नये, हे बरोबरच आहे. माझी तक्रार त्याच्या अलीकडची आहे. कोट्याची नोंद जाहीर असती, कुठल्या जमिनीला किती आणि कोणत्या वर्षी हे कोणालाही वाचता आलं असतं, तर आरोप मोघम राहिलाच नसता. कोटा नव्हता, सिंह मेला, एवढ्या दोन वाक्यांचा तो खटला होता.

आमच्या रागाने काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. 30 जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वन्यजीवांच्या तस्करीविरुद्धचा ठराव मंजूर केला. त्याची तयारी आधीपासून चालू होती, पण चर्चा झाली ती सेसिलमुळे. ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानम्हैस यांच्या ट्रॉफी, म्हणजे शिकारीची आठवण म्हणून नेली जाणारी डोकी-कातडी, नेणं बंद केलं. फ्रान्सने सिंहाच्या ट्रॉफींची आयात थांबवली. त्या डिसेंबरात अमेरिकेने आफ्रिकी सिंहांना आपल्या संरक्षण कायद्यात घेतलं. ऑक्सफर्डच्या पथकाला लोकांनी दहा लाख डॉलरच्या आसपास देणग्या दिल्या. हे सगळं झालं ते तुमच्या देशाबाहेर. ह्वांगेच्या आसपास तुम्ही 1 ऑगस्टला सिंह, बिबट्या आणि हत्तींची शिकार स्थगित केली, धनुष्यबाणाच्या शिकारीला महासंचालकांची लेखी परवानगी लागेल असं जाहीर केलं, आणि थोड्याच दिवसांत स्थगिती उठली.

त्याच दिवसांत सेसिलच्या कळपातला जोडीदार नर जेरिको मारला गेल्याची बातमी जगभर फिरली. लोक पुन्हा रडले, पुन्हा पेटले. जेरिको जिवंत होता. त्याच्या कॉलरने ते सिद्ध केलं, ती ठिकाणं पाठवत होती. तो पुढे सव्वा वर्ष जगला आणि ऑक्टोबर 2016 मध्ये नैसर्गिक मरणाने गेला. नवा नर कळपात शिरला की आधीच्या नराची बछडी मारतो, म्हणून सेसिलनंतर त्याच्या बछड्यांची सगळ्यांना धास्ती होती. जेरिकोने कळप धरून ठेवला. मला ही गोष्ट फार धीर देते. त्यात एक साधी बाबही आहे, की खरी नोंद हाताशी असली तर अफवा एका दिवसात मरते.

आता गावकऱ्यांबद्दल, कारण हे न बोलता तुमच्याशी बोलायचा मला हक्क नाही.

2015 मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या तुमच्या एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात लिहिलं होतं की सेसिल मेल्याचं कळल्यावर त्याला बरं वाटलं. लहानपणी त्याच्या गावाभोवती एक सिंह फिरत होता तेव्हाच्या भीतीबद्दल त्याने लिहिलं होतं. मी तेव्हा तो लेख रागाने अर्धाच वाचून सोडला. नंतर पूर्ण वाचला. ज्याच्या दारात रात्री सिंह येतो त्याला सिंहाचं कौतुक करायला सांगणं, तेही इतक्या लांबून, हा उद्धटपणा आहे. तुमच्या देशात दरवर्षी माणसं हत्ती, मगरी आणि सिंहांच्या तावडीत मरतात. त्यांची नावं आमच्यापर्यंत येत नाहीत आणि सेसिलचं नाव येतं, याचं तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं.

पण म्हणूनच कॉलरकडे परत येते. ह्वांगेभोवतीच्या गावांत लाँग शील्ड नावाने ओळखले जाणारे सिंहरक्षक आहेत. त्याच गावांतले स्त्री-पुरुष, गावानेच निवडलेले. कॉलर घातलेला सिंह उद्यानातून निघून वस्तीकडे सरकू लागला की त्याचं ठिकाण त्यांना कळतं. मग ते गुराख्यांना गाठतात, गुरं आत घ्यायला सांगतात आणि सिंह जवळ आलाच तर चारी बाजूंनी वुवुझेला वाजवतात. होय, फुटबॉलच्या मैदानात कान किटवणारं तेच प्लास्टिकचं भोंगं. सिंहाला तो आवाज सहन होत नाही, तो मागे फिरतो. गाय वाचते, सिंह वाचतो, सूड म्हणून विष घालायची वेळ येत नाही. ही व्यवस्था पाहिल्यावर कॉलर फक्त संशोधनासाठी असते, हे तुमच्या प्रवक्त्यांचं वाक्य मला पटत नाही. ती कॉलर गावाची रात्रीची राखण आहे. तो सिंह मारला की गावाच्या कानापर्यंत येणारी एक सूचना बंद होते. त्याच्या जागी येणारा नर बिनकॉलरचा असेल, अनोळखी असेल आणि कोणाच्या गोठ्याशी केव्हा येईल हे कोणालाच कळणार नाही.

ह्वांगेच्या त्या अभ्यासाच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट तुमच्या दप्तरात असेलच. खूण केलेल्या 62 सिंहांपैकी 34 मेले आणि त्या 34 पैकी 24 हौशी शिकाऱ्यांनी मारले होते. खूण केलेल्या प्रौढ नरांपैकी 72 टक्के उद्यानाबाहेरच्या शिकारीत गेले. बाहेर नर मेला की आतला नर ती मोकळी जागा धरायला बाहेर येतो, आणि तोही मरतो. उद्यान असं आतून रिकामं होत जातं. हे आकडे पाहून ह्वांगे ज्या भागात आहे त्या पश्चिम माटाबेलेलँडमध्ये 2005 ते 2008 सिंहांची शिकार बंद ठेवली गेली, आणि नर वाढले. म्हणजे हे तुमच्या देशाने एकदा ऐकलं आहे, करून दाखवलं आहे. माझ्यासारखीने बाहेरून शिकवायची गरज नाही. त्या वेळी जे जमलं ते नंतर का सुटलं, एवढंच विचारते आहे.

वयाच्या नियमाबद्दलही बोलायला हवं, कारण कायदेशीर शिकारीचा सगळा आधार त्यावर आहे. म्हातारा, कळपातून बाहेर पडलेला नर मारला तर फारसं नुकसान होत नाही, असं सांगितलं जातं. तत्त्व म्हणून मी ते मान्य करते. पण वय बघायचं कशावर? नाकावर. बछड्याचं नाक गुलाबी असतं. वय वाढेल तसे त्यावर काळे ठिपके येतात, ते पसरतात आणि पाच-सहा वर्षांच्या नराचं निम्म्याहून जास्त नाक काळं झालेलं असतं. आता संधिप्रकाशाची वेळ धरा. सिंह आमिषावर खाली मान घालून खातो आहे, तोंड रक्ताने माखलं आहे. शेजारी हजारो डॉलर भरलेला पाहुणा बसला आहे आणि त्याचे मोजकेच दिवस उरले आहेत. अशा वेळी दुर्बिणीतून नाकावरचे ठिपके मोजायचे. मार्गदर्शक कितीही प्रामाणिक असो, घाईत त्याचा डोळा कोणत्या बाजूला चुकेल हे सांगायला नको. मेल्यानंतर कवटी आणि दातांवरून वय तपासता येतं. ती तपासणी तुमच्याकडे होत असेल तर तिचे निष्कर्ष प्रत्येक सिंहागणिक जाहीर का होत नाहीत? ब्लाँडीच्या वयावर वाद झाला तो याच्यामुळे. कागद समोर असता तर वाद घालायला कोणाला जागाच उरली नसती.

मला ट्रॉफीची शिकार नको आहे. पण मी तुम्हाला उद्यापासून ती बंद करा असं सांगत नाही. सांगण्याआधी त्या पैशाची दुसरी सोय काय, याचं उत्तर माझ्याकडे हवं, आणि ते अजून कोणीच दिलेलं नाही, जोराने बंदी मागणाऱ्या श्रीमंत देशांनीही नाही. पर्यटकांच्या गाड्या पाणवठ्यांपाशी आणि धबधब्यापाशी येतात, रखरखीत झुडपी रानात येत नाहीत. त्या रानाला किंमत उरली नाही तर तिथे गुरं येतील, नांगर येतील. सिंहांच्या घटीचं मोठं कारण शिकाऱ्याची बंदूक नाही, जागा आणि भक्ष्य संपणं आहे, हे मी वाचलं आहे आणि मला ते पटलं आहे.

तरी तुमची बाजू ज्या पैशावर उभी आहे तो पैसा दाखवा, एवढं मागायचा अधिकार कोणालाही असावा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तुमच्याच देशाने कॅम्पफायर योजना आणली. जनावराचं मोल गावाला मिळावं, म्हणजे गाव त्याला जगवेल, हा तिचा विचार. फार चांगला विचार होता. पण पैसा जिल्हा परिषदांच्या मार्गाने जातो आणि गावापर्यंत किती पोचतो हे गावालाच कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानच्या डोंगरांत मारखोर या रानबोकडाच्या मोजक्या शिकारींचा दरवर्षी जाहीर लिलाव होतो. आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो आणि त्यातले 80 टक्के स्थानिक गावांचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावं स्वतः मारखोर राखू लागली. 2015 मध्ये मारखोरची गणना धोक्यातल्या प्रजातींमधून काढून दोन पायऱ्या सौम्य वर्गात केली गेली. मला ते फोटोही आवडत नाहीत. पण तिथे मी भांडायला गेले तर मला उत्तर द्यायला एक आकडा तयार असतो.

म्हणून माझं मागणं असं आहे. ह्वांगेला लागून असलेल्या प्रत्येक जमिनीचा त्या वर्षाचा सिंहांचा कोटा हंगामाआधी जाहीर करा, शून्य असेल तर शून्य म्हणून. मारलेल्या प्रत्येक सिंहाची जागा, तपासलेलं वय, कॉलर होती की नव्हती, किती पैसे आले आणि त्यातले किती कोणत्या गावाला गेले, हे एका यादीत मांडा आणि ती यादी गावातल्या फलकावरही लावा. आमच्या स्क्रीनवर नंतर आली तरी चालेल. कॉलर घातलेला नर गोळीच्या टप्प्यात आला तर संशोधकांना विचारल्याशिवाय शिकार होऊ नये. हद्दीभोवती 5 किलोमीटरच्या पट्ट्यात शिकार नको, ही सूचना 2017 मध्ये सेसिलचा मुलगा झांडा मारला गेला तेव्हा ऑक्सफर्डच्या लोकांनी केली होती. तिचं काय झालं, ते सांगा. नाकारली असेल तर कारणासकट नाकारा.

झांडाची शिकार कायदेशीर मानली गेली. तोही कॉलरवाला होता, सहा वर्षांचा. त्या वेळच्या मार्गदर्शकाने मात्र कॉलर काढून संशोधकांच्या हातात परत दिली आणि काय झालं ते सांगितलं. सिंह गेला याचं दुःख मला आहेच. पण 2015 मध्ये कॉलर नाहीशी झाली आणि दोनच वर्षांनी त्याच हद्दीवर एका माणसाने ती स्वतःहून आणून दिली, म्हणजे हे करणारी माणसं तुमच्याकडे आहेत. त्यांनी जे आपणहून केलं ते नियम म्हणून सगळ्यांकडून घ्या.

या वेळी मी कोणाच्या दवाखान्याच्या पानावर गेलेले नाही. ब्लाँडीला कोणी मारलं हे शोधायचाही प्रयत्न केला नाही. मला फक्त एका कागदाची प्रत हवी आहे: त्याच्या शिकारीचा परवाना कोणत्या जमिनीच्या कोट्यातून दिला गेला, त्या पानाची. ती जाहीर करा.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
2015 मध्ये तुम्हाला पत्र न लिहिलेली एक मराठी वाचक